आईच्या चित्रातले बगळे

सुरुवातीलाच कबूल करते. भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी गेली दोन वर्षं आहे ती इथल्या अनुभवांतल्या चुका काढायला. कोणी लिहितं, "पायऱ्यांवर कुणीतरी चालत होतं," की मी मनात विचारते, बघून आलात का? बहुतेक वेळा बघितलेलं नसतं. मग मी फोन ठेवते आणि भाजी चिरायला घेते.

माझा स्वभावच संशयी. तीस वर्षं एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काढली. गठ्ठ्यांची सीलं तपासायची, सह्या जुळवायच्या, उत्तरपत्रिकेवर कुणी मागाहून हात फिरवलाय का ते बघायचं. व्हाइटनरचा ठिपका मला हातभर अंतरावरून ओळखू येतो. त्यातून आमच्या घरात देवघरही नाही. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, तेव्हा देव, अंगारे, उतारे सगळं एकदमच बाहेर गेलं. आजी म्हणायची, तेव्हापासून घर झाडायला सोपं झालं. सांगायचा मुद्दा, भुताखेताला आमच्याकडे कधी पाट मांडलेला नाही.

तरीही हे लिहितेय. काय ते तुम्हीच ठरवा.

माझी आई लहान मुलांसाठी पुस्तकं लिहायची आणि त्यांतली चित्रंही स्वतःच काढायची. नाव लिहीत नाही, पण तुम्ही मराठी शाळेत शिकला असाल तर तिचं एखादं पुस्तक हाताखालून गेलेलं असणार. पोट भरायला ती शाळेत चित्रकला शिकवायची, पुस्तकं सुट्टीत व्हायची. तिच्या पुस्तकांतून माकडं, रेडे, घोरपडी, एक विसरभोळा कोल्हा, सगळे येऊन गेले. बगळा मात्र एकाही पुस्तकात नाही. हे मलाही फार उशिरा लक्षात आलं.

पुस्तकांच्या आधी, विशीत असताना, ती बाहेर जाऊन निसर्गचित्रं काढायची. त्यातलं एकच उरलं. पुण्याजवळच्या मांजरी गावचा नदीकाठ, पाण्याच्या रंगात, म्हणजे वॉटरकलरमध्ये. वहीच्या दोन पानांएवढा आकार. डाव्या अंगाला बाभळींची गर्द सावली, मधून नदी, पलीकडे उसाचा पट्टा आणि वर बराचसा आभाळाचा भाग. माणूस नाही, जनावर नाही. खाली कोपऱ्यात तिची तेव्हाची, जरा जास्तच वळणदार सही.

लहानपणी मी तिला विचारलं होतं, "आई, नदी आहे तर बगळे कुठायत?"

"त्या दिवशी आले नाहीत."

"मग आता काढ की."

"आता कसे काढणार? बगळे काढायचे नसतात, राखायचे असतात."

मग तिने मला समजावलं. पाण्याच्या रंगात पांढरा रंग वापरत नाहीत. जिथे पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा आणि त्याच्या कडेकडेने रंग न्यायचा. एकदा रंग लागला की तिथे परत कोरा कागद मिळत नाही. पांढरी ट्यूब विकत मिळते, पण ती आळशी लोकांसाठी असते, असं तिचं मत. वर्गात कुणी ती ट्यूब आणली की आई ती स्वतःच्या पर्समध्ये टाकायची आणि वर्ष संपल्यावर परत द्यायची.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. संध्याकाळी बगळ्यांची रांग डोक्यावरून गेली की पोरं दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासतात आणि बगळ्याकडे फूल मागतात. फूल म्हणजे नखावर येतो तो पांढरा ठिपका. तुम्हीही घासली असतील. आई आणि मी गच्चीत उभ्या राहून घासायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना ती माझा हात धरून विचारायची, "मिळालं का?" शेजारच्या सगळ्या पोरींना मिळायचं. मला कधीच मिळालं नाही. सात वर्षांची असताना मी एक दिवस हात मागे ओढून घेतला. म्हटलं, "हे सगळं खोटं आहे, आणि तुला ते माहितीये." आई हसली. पण त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. मीही कधी नखं घासली नाहीत.

आता मुद्द्यावर येते.

मिस्टर गेल्यावर आणि मी रिटायर झाल्यावर आईकडेच राहायला आले. मांजरी बुद्रुक, तिसरा मजला, हॉल आणि दोन खोल्या. गॅलरी पूर्वेला. आईने फ्लॅट घेतला तेव्हा गॅलरीतून ऊस दिसायचा, आता समोरच्या टॉवरमधल्यांचे वाळत घातलेले टॉवेल दिसतात. आईचं वय त्र्याऐंशी. दोन वर्षांपासून तिची स्मृती जात चालली होती. आधी शब्द गेले, मग नावं गेली, आणि गेल्याच्या आदल्या दिवाळीपासून मी गेले. मला ती "बाई" म्हणायची. "बाई, तुमचं घर लांब आहे का? उशीर होईल तुम्हाला." इतक्या अदबीने म्हणायची की रडूही यायचं नाही. मी "हो, निघते" म्हणायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे.

तिला सांभाळायला ब्यूरोकडून संगीता यायची. लोणी काळभोरची, पस्तिशीची, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. आई तिच्याच हातून जेवायची, माझ्या हातून नाही. मी घास पुढे केला की तोंड फिरवायची आणि म्हणायची, "राहू द्या, तुम्ही पाहुण्या." खरं सांगते, मला संगीताचा राग यायचा. उघडपणे राग धरण्यासारखं तिने काही केलं नव्हतं, त्यामुळे जास्तच यायचा.

ते चित्र आधी पॅसेजमध्ये होतं. संगीताने मला न विचारता ते आईच्या पलंगासमोरच्या भिंतीवर आणून लावलं. मी चिडले. त्या भिंतीवर सकाळी दहाच्या सुमाराला वीस-एक मिनिटं थेट ऊन येतं, आणि पाण्याचे रंग उन्हात उडतात.

"ताई, आजी पॅसेजमधी जाऊन त्याच्याम्होरं उभ्या ऱ्हात्यात," संगीता म्हणाली. "पडल्या म्हंजी? त्यापरीस हितंच बघू द्या की."

म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून चित्र तिथेच राहिलं. आई दिवसभर त्याच्याकडे बघत बसायची आणि नखं घासायची. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटमध्ये असे चाळे दिसतात, कुणी पदर चुरगाळतं, कुणी बटणं काढतं. मी ते मान्य केलं. गच्चीतली गोष्ट मला आठवलीसुद्धा नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

जानेवारीतली गोष्ट. सकाळी काच पुसताना डाव्या बाजूला, बाभळींच्या सावलीत, एक पांढरा ठिपका दिसला. वाटलं, बुरशी धरली. चष्मा बदलला, मग आईचं भिंग आणलं. बुरशी नव्हती, बगळा होता. एका पायावर उभा, मान आखडून घेतलेली. भाताच्या शितापेक्षा जरासा मोठा.

मी लगेच फोन काढला. आईच्या वाढदिवसाला मी या चित्राचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. फोटो मोठा करून बघितला. त्या जागी नुसती हिरवट-काळी सावली. दुसरा फोटो होता घर रंगवलं तेव्हाचा, तिसरा रुहीने, म्हणजे माझ्या मुलीने, आजीबरोबर काढलेल्या सेल्फीतला. तिन्हींत बगळा नाही.

संगीताला बोलावलं. "हे काय आहे?"

तिने वाकून बघितलं आणि चक्क हसली. "आला व्हय! आजी कवाधरनं फूल मागत्यात त्याच्याकडं."

"कुणाकडे?"

"बगळ्याकडं. नखं न्हाई का घासत त्या?"

माझ्या अंगावर काटा आला म्हणून लिहीन असं वाटलं असेल तर तसं काही झालं नाही. माझ्या डोक्यात एकच विचार आला. चित्रात बगळा नव्हता, तर आई बगळ्याकडे मागते हे हिला कुणी सांगितलं? आणि चित्र इथे आणून कुणी लावलं?

आठवड्याने दुसरा बगळा आला. पाण्याच्या कडेला, चोच खाली. मी रुहीला फोन केला. ती खराडीत एका कंपनीत आहे.

"आई, सिम्पल आहे. कॅमेरा लाव," ती म्हणाली. "मी ऑर्डर करते. पण तू संगीताताईंना सांगून लाव हां प्लीज, न सांगता लावणं फार चीप वाटतं."

मी न सांगताच लावला. कपाटावर, खोट्या फुलांच्या मागे.

पाचव्या दिवशी तिसरा बगळा आला. मी दाराला कडी लावून फुटेज बघायला बसले. सकाळी दहाला ऊन भिंतीवर येतं. काचेवर तिरीप पडते आणि चित्राच्या जागी नुसता पांढरा चौकोन दिसतो. वीस मिनिटं तसंच. या वेळात आई पलंगावर बसून नखं घासतेय, संगीता खाली बसून मेथी निवडतेय. कुणी उठलं नाही, भिंतीजवळ गेलं नाही. मग ऊन सरकतं, चित्र परत दिसायला लागतं, आणि त्यात तीन बगळे असतात. आधी दोन होते. मी ते चौदा वेळा बघितलं.

समजूतदार माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी ठरवलं की संगीताने कॅमेरा ओळखलाय आणि उन्हाची वेळ साधून काहीतरी हातचलाखी केलीय. कशी, ते मला सांगता येत नव्हतं. पण परीक्षा विभागात आम्ही कशी ते नंतर शोधायचो, आधी झडती घ्यायचो.

ती आईला अंघोळ घालत होती तेव्हा मी तिची पिशवी उघडली. डबा, ओढणी, बसचा पास, औषधाची एक पट्टी. आणि व्हाइटनरचा पेन.

बस्स. मला दुसरं काही नको होतं. तीस वर्षं जी वस्तू मी पोरांच्या कंपासपेट्यांतून काढत आले, ती हातात आल्यावर मला थोडा आनंदच झाला, हेही कबूल करते. ती बाहेर आली तशी तिच्यापुढे पेन धरला.

"आईच्या चित्राशी खेळतेस? कशासाठी? आम्ही घाबरून तुला धरून ठेवावं म्हणून?"

तिने आधी पेनाकडे, मग उघड्या पिशवीकडे बघितलं. "ताई, त्यो पेन..." म्हणाली आणि थांबली. मी तिला पुढे बोलू दिलं नाही. उद्यापासून येऊ नको म्हटलं. तिने ओले हात पदराला पुसले, आईच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि पिशवी घेऊन गेली.

त्यानंतर बगळे थांबले. दहा वाजता ऊन यायचं आणि जायचं, चित्रात तीनच. मी रुहीला विजयाने सांगितलं, "बघ. बाई गेली, बगळे बंद."

रुही म्हणाली, "आजी जेवली का?"

नव्हती जेवली. ब्यूरोने दुसरी बाई पाठवली, चांगली होती बिचारी. आईने तिच्या हातून घेतलं नाही, माझ्या हातून तर नाहीच. पहिला दिवस दुधावर गेला. दुसऱ्या दिवशी दूधही तोंडातून बाहेर काढलं. नखं घासणंही बंद, हात मांडीवर नुसते पडलेले. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी घातली की पुढचं तुम्ही समजून घ्या. मी समजून घेतलं. मग चार्ट बघायला म्हणून आईच्या औषधांची फाइल उघडली.

रोजचा कागद संगीता भरायची. किती वाजता कुठली गोळी, किती घास, शी-शू. तिचं अक्षर शाळकरी, आणि पानोपानी खाडाखोड. खाडाखोड म्हणजे व्हाइटनर. चुकलेली वेळ पांढरी करून वर नीट लिहिलेली. ब्यूरोवाले खाडाखोडीचा कागद परत पाठवतात, असं ती मागे एकदा म्हणाली होती. मी लक्ष दिलं नव्हतं. पंधरा महिन्यांचे कागद होते, रोज माझ्या समोरच्या टेबलावर पडलेले. हातभर अंतरावरून व्हाइटनर ओळखणाऱ्या बाईने त्यातला एकही ठिपका बघितला नव्हता.

तरी संशय गेला का? नाही. चार्टवर वापरते म्हणून चित्रावर वापरला नसेल असं थोडंच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रेम पिशवीत घातली आणि थेट नारायण पेठेत भिडे फ्रेमवाल्यांकडे गेले. आईची सगळी चित्रं त्यांनीच मढवलेली. दुकानावर पाटी आहे, "घाई असल्यास इतरत्र जावे."

"काका, कुणी यावर पांढरं लावलंय का ते बघा."

भिडेकाकांनी आधी फ्रेम उलटी केली. मागच्या बाजूला चारी कडांना खाकी कागदाची पट्टी, आणि प्रत्येक पट्टीवर जोडावरून गेलेली आईची शाईची सही. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे ती असेच सील करायची, ते वळण तिने फ्रेमलाही लावलं होतं.

"मीच लावलीय ही पट्टी. वीसेक वर्षं झाली," ते म्हणाले. "सह्या तुमच्या आईंनी माझ्यासमोर केल्या. माझ्यावर विश्वास नव्हता त्यांचा. सील शाबूत आहे. तुम्ही परीक्षेतल्या, तुम्हीच तपासा."

मी तपासलं, भिंग लावून चारी बाजूंनी. कुठेही उचकटलेलं नाही, दुहेरी शाई नाही, नवा गोंद नाही. तीस वर्षांत मी पुष्कळ सीलं फोडलेली पकडलीत. हे फोडलेलं नव्हतं.

मग त्यांनी माझ्यासमोर पट्टी कापली, चित्र बाहेर काढलं आणि दिव्याखाली धरून बराच वेळ बघितलं.

"पांढरं लावलेलं नाही. हा कागद आहे."

"म्हणजे कुणी रंग पुसला?"

"पुसला तर कागदाला लव सुटते, डाग राहतो. इथे काही नाही. हे बघा, बगळ्याच्या कडेला रंग साचून गडद झालाय. ओला रंग कोऱ्या जागेपाशी थांबला की असा साचतो. आत पेन्सिलची बारीक रेघ आहे, दिसली? बाई, हे तिन्ही बगळे चित्र काढलं त्याच दिवशी राखलेले आहेत."

"उन्हाने उडाला असेल रंग..."

"ऊन बगळ्याचा आकार बघून रंग उडवत नाही."

मी फोनवरचे तिन्ही फोटो त्यांच्यासमोर धरले. त्यांनी फोटो बघितले, चित्र बघितलं, परत फोटो बघितले. मग चष्मा काढून पुसत बसले.

"मी फ्रेमा करतो," ते शेवटी म्हणाले. "यातलं काही मला विचारू नका. नवी पट्टी लावून देतो. सही करणार?"

मी चारी पट्ट्यांवर सही केली. पकडण्यासारखं कुणीच उरलं नव्हतं, आणि आई पाचवा दिवस उपाशी होती.

तिथून रिक्षाने लोणी काळभोरला गेले. घर विचारत विचारत सापडलं. संगीता दारात गहू पाखडत होती. मला बघून उठली नाही, तशीच पाखडत राहिली. माफी मागायची मला सवय नाही. "माझं चुकलं" एवढंच म्हणाले.

"पिशवी बघायची हुती तर मला म्हनायचं," ती म्हणाली. "मीच उलटी क्येली असती तुमच्याम्होरं. आन् त्यो क्यामेरा पयल्या दिशीच दिसला हुता मला. फुलांवर धूळ असतीया ताई, त्येच्यावर नव्हती. म्हनलं, बघू द्या. बघून तरी इस्वास बसंल."

तिने सूप खाली ठेवलं.

"आजी जेवत्यात का?"

मी नकारार्थी मान हलवली. ती आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. "तुमच्यासाटी न्हाई येत मी," एवढं बजावून रिक्षात बसली.

त्या दुपारी आईने चार घास मऊ भात खाल्ला. मी दाराआडून मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र परत जागेवर लावलं. लावण्याआधी फोटो काढले, पुढून आणि मागून. बगळे तीन, सील माझ्या सहीचं. सवय अशी जात नाही. दहाला ऊन आलं. आई पलंगावर बसली आणि तिची नखं घासणं सुरू झालं. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. का ते माहीत नाही, पण मीही हात जवळ आणले आणि नखं घासायला लागले. पन्नास-एक वर्षांनी. बावळटासारखं वाटत होतं, संगीताही बघत होती. तरी थांबले नाही. मनात म्हटलं, असेल कुणी तिथे तर आता दे. मला नको, हिच्यासाठी दे.

आईचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझा डावा हात उचलून मांडीवर घेतला आणि एकेक नख तपासायला लागली. वेणी घालताना बघायची तसं.

"मिळालं का?"

"नाही गं आई."

"मिळेल," आई म्हणाली. "तू फार घाई करतेस, शैलू."

शैलू. सव्वा वर्षाने. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि तिने मला बाई म्हटलं नाही.

ऊन सरकलं तेव्हा आधी संगीताला दिसलं. तिने नुसतं बोट दाखवलं. वरच्या आभाळात, जिथे निळा रंग एकसलग पसरलेला होता, तिथे चौथा बगळा. हा उडत होता. मी फ्रेम उतरवून मागे बघितलं. चारी सह्या माझ्याच, अखंड.

"आता तरी पटलं का?" संगीताने विचारलं. खरं म्हणजे मला आजही पटलेलं नाही.

आईने नंतर पुन्हा मला ओळखलं नाही, पण माझ्या हातून जेवायला लागली. एक घास संगीताचा, एक माझा. महिन्याभराने माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेवर, नखाच्या मुळाशी, पांढरा ठिपका दिसला. मी तो आईला दाखवला. ती तेव्हा बोलत नव्हती. तिने अंगठा त्यावरून एकदा फिरवला आणि डोळे मिटले. आठ दिवसांनी आई गेली. सकाळी, झोपेत.

नखाबद्दल डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही आठवड्यांपूर्वी नखाच्या मुळाला मार लागला असेल. असेल, नाकारत नाही. चित्राबद्दल रुहीच्या ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की फोनचे कॅमेरे आपोआप डाग साफ करतात. तिन्ही वेळा, तिन्ही बगळे, वेगवेगळ्या फोनमधून? आणि माझ्या सीलखालचा चौथा? कॅमेऱ्याचं फुटेज मी ठेवलंय, कुणाला बघायचं असेल तर घरी येऊन बघा, फॉरवर्ड करणार नाही. आईने ते बगळे त्या दिवशी राखले होते आणि आम्हालाच इतकी वर्षं दिसले नाहीत, असं भिडेकाका म्हणतात. म्हणोत. मी अजूनही शोधतेय.

चित्र त्याच भिंतीवर आहे. बगळे चारच. संगीता आता दुसरीकडे कामाला जाते, रविवारी कधी येते, चहा घेते, चित्राकडे बघते आणि जाते.

नख वाढतं तसा ठिपका पुढे सरकत गेला. मधोमध होता, मग वर आला. आता अगदी टोकाशी आहे, नेलकटर लागला की जाईल. बाकीची नऊ नखं मी दर रविवारी कापते.

हे एक नख मात्र, तीन आठवडे झाले, तसंच ठेवलंय.